अंडी राहू देत, शनिवारी रात्री ये

आमच्या शेजारच्या इमारतीत साताऱ्याकडचं एक तरुण जोडपं राहायला आलंय. त्यातल्या मुलीने परवा मला गेटपाशी गाठलं. म्हणाली, "काकू, एक विचारू? ऑफिसात ईस्टरला आम्हाला चॉकलेटची अंडी वाटतात, भिंतीवर सशाची चित्रं लावतात. गुड फ्रायडेला सुट्टी, म्हणून मी ग्रुपवर 'हॅपी गुड फ्रायडे' टाकलं, तर आमची एक ख्रिस्ती मैत्रीण एकदम गप्प झाली. ईस्टर म्हणजे नेमकं काय असं तिला विचारलं, तर म्हणाली येशू परत जिवंत झाला तो दिवस. एवढं मोठं काही घडलं असेल तर नाताळासारखा गाजावाजा का नसतो? आणि परत जिवंत झाला म्हणजे पुनर्जन्मच ना?"

वसईच्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, तीस वर्षं मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. मोठ्या वयात स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, घेणाऱ्यांची तयारी करून घेतली. ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात जे वाचन करतात, त्यांची तालीम अजूनही माझ्याच गळ्यात असते. तरी हातात भाजीची पिशवी घेऊन गेटपाशी उभ्या उभ्या तिला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे बसून लिहितेय.

अंडी आणि ससा आधी उरकून टाकू. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. मध्ययुगात युरोपात या काळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना काही उपवास नव्हता, त्या अंडी घालतच राहायच्या. मग ईस्टरला घरात साठलेली अंडी उकडायची, रंगवायची, वाटायची. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती लाल रंगवतात, येशूच्या रक्ताची खूण म्हणून. कवच फोडून बाहेर येणारं पिल्लू म्हणजे उघडलेली कबर, असा अर्थही त्याला जोडला गेला. ससा जर्मनीकडचा. 1682 मध्ये एका जर्मन वैद्याने लिहून ठेवलंय की लोक मुलांना सांगतात, ससा अंडी घालतो आणि गवतात लपवून ठेवतो. जर्मन लोक अमेरिकेत गेले, ससाही गेला, आणि तिथून चॉकलेटच्या कारखान्यांमार्फत तुझ्या ऑफिसात पोचला. धर्माशी त्याचा संबंध मला तरी कधी सापडला नाही. माझी नातवंडं वांद्र्याच्या बेकरीतली काजूच्या मार्झिपानची अंडी खातात, मीही खाते. त्यात पाप काही नाही, पण ती खाऊन ईस्टर कळत नाही.

आणखी एक गोष्ट दरवर्षी मोबाइलवर फिरते: ईस्टर हा मुळात ईश्तार देवीचा सण, ख्रिस्ती लोकांनी तो चोरला. हे विसर. 'ईस्टर' हा शब्द फक्त इंग्रजी आणि जर्मन वळणाच्या भाषांत आहे. बीड नावाच्या इंग्रज साधूने 725 च्या सुमारास लिहिलंय की तो शब्द एका जुन्या देवीच्या महिन्यावरून आला. त्या देवीबद्दल दुसरा जुना पुरावा नाही, आणि बाबिलोनच्या ईश्तारशी तर काहीच नातं नाही. बाकीच्या कितीतरी भाषांनी सणाचं नाव यहुदी लोकांच्या 'पेसाख' सणाच्या हिब्रू नावावरून घेतलं. फ्रेंचमध्ये पाक, पोर्तुगीजमध्ये पाश्कुआ, गोव्याच्या कोकणीत पास्कांचें फेस्त. आम्हीही चर्चमध्ये पास्काचा सण म्हणतो.

हा पेसाख म्हणजे काय, हे मराठी बायबलने एका शब्दात सांगितलंय आणि मला तो शब्द फार आवडतो: वल्हांडण. म्हणजे ओलांडणं. इस्राएली लोक इजिप्तमध्ये गुलाम होते. सुटकेच्या रात्री त्यांनी कोकरू मारून त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, आणि मरण ती दारं ओलांडून पुढे गेलं. त्याच रात्री ते निघाले आणि समुद्र ओलांडून पलीकडे गेले. येशू मारला गेला तो याच सणाच्या दिवसांत. शुभवर्तमानं म्हणजे बायबलमधली येशूच्या चरित्राची चार पुस्तकं. त्यातल्या योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे तर मंदिरात वल्हांडणाची कोकरं कापली जात होती त्याच दुपारी. त्याच्या पहिल्या शिष्यांपैकी सगळे यहुदी होते. त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार: कोकरू, रक्त, रात्र, ओलांडणं. फक्त या वेळी पलीकडचा किनारा मरणाच्या पलीकडे होता.

म्हणूनच तारीख दरवर्षी बदलते. वल्हांडण पौर्णिमेचा सण. 325 च्या निकेया इथल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेनंतर ठरत गेलेला नियम असा की वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार तो ईस्टर. तू कॅलेंडरवर बघ. होळीची किंवा हनुमान जयंतीची पौर्णिमा झाली की पाठोपाठ ईस्टर येतो. 2023 मध्ये हनुमान जयंती 6 एप्रिलला होती आणि ईस्टर 9 ला.

आता तुझ्या मैत्रिणीच्या गप्प होण्याबद्दल. गुड फ्रायडे हा सण नव्हे, येशूला क्रुसावर मारलं तो सुतकाचा दिवस आहे. त्या नावातला 'गुड' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'पवित्र'. त्या दिवशी जगातल्या एकाही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आमची भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना, होत नाही. वेदी आदल्या रात्रीच उघडी केलेली असते. वर कापड नाही, फुलं नाहीत, मेणबत्ती नाही. धर्मगुरू येतात ते न बोलता, आणि वेदीसमोर जमिनीवर पालथे पडतात. आम्हीही गुडघे टेकतो. एक-दोन मिनिटं काहीच होत नाही. लहान मुलं त्या शांततेला घाबरतात, मी लहानपणी घाबरायचे. गुरुवारच्या संध्याकाळपासून चर्चची घंटाही मुकी असते. तिच्याऐवजी लाकडाची फळी ठोकतात. तो खटखट आवाज ऐकला की आमच्या गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. आमच्या घरी त्या दिवशी पेज आणि लोणचं. तेव्हा शुभेच्छा देऊ नकोस. काही बोलायचंच असेल तर "आज तुमच्या प्रार्थनेत आमचीही आठवण ठेवा" म्हण, पुरे. तुझी मैत्रीण रागावली नसेल. काय उत्तर द्यावं ते तिला सुचलं नसेल.

आता मूळ मुद्दा. ईस्टर समजून घ्यायचा तर रविवार सकाळचा केक आणि नवे कपडे बघू नकोस. शनिवारची रात्र बघ. सगळं तिथे आहे.

ही रात्र आपल्याकडून हरवलीच होती. माझी आजी सांगायची, तिच्या तरुणपणी ही उपासना शनिवारी सकाळी व्हायची. बाहेर लख्ख ऊन, आणि आत धर्मगुरू लॅटिनमध्ये गातायत की हीच ती रात्र! कोणाला लॅटिन कळत नव्हतं म्हणून कोणी हसलं नाही एवढंच. बाराव्या पायस पोपनी 1951 मध्ये ती परत रात्री करायला परवानगी दिली, आणि 1956 पासून सगळ्या कॅथलिक चर्चमध्ये ती रात्रीच होऊ लागली. पुढे 1960 च्या दशकात लॅटिन जाऊन मराठी आली, तेव्हा कुठे आजीला कळलं की ती आयुष्यभर काय ऐकत होती.

सुरुवात चर्चच्या बाहेर होते, अंधारात. गावातले दिवे मालवलेले असतात. मोकळ्या जागेत आग पेटवतात. आमच्याकडे नारळाच्या करवंट्या आणि सोडणं रचतात, वारा असला तर कोणीतरी खिशातून हळूच कापूर काढतो. त्या आगीपाशी एक मोठी मेणबत्ती आणतात, पास्काची मेणबत्ती. धर्मगुरू तिच्यावर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा, म्हणजे ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर. मग क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. पाच जखमांसाठी धूपाचे पाच खडे त्यात रोवतात. मला या आकड्यांचं फार अप्रूप आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला बसलेत, आणि मेणात आकडे कोरतायत ते यंदाचे, ज्या वर्षी माझा गुडघा दुखायला लागला, तुझा ईएमआय सुरू झाला, त्या वर्षाचे.

मग ती एकच ज्योत घेऊन अंधाऱ्या चर्चमध्ये शिरायचं. तीनदा थांबून गातात, "ख्रिस्ताचा प्रकाश", आणि आपण म्हणायचं, "देवाला धन्यवाद". पहिल्या वेळी फक्त ती मोठी मेणबत्ती. दुसऱ्या वेळी तिच्यावरून आपल्या हातातल्या छोट्या मेणबत्त्या पेटतात, एकमेकांच्या. तिसऱ्या वेळी चर्चचे दिवे. एका वर्षी दिव्यांच्या बटणापाशी उभ्या असलेल्या उत्साही मुलाने पहिल्याच "ख्रिस्ताचा प्रकाश"ला सगळ्या ट्यूबलाइट लावून टाकल्या. त्याचा तरी काय दोष, शब्द तसेच होते! पण सगळ्यांच्या तोंडातून एकच हाय निघाली, आणि तेव्हा मला कळलं की लोक त्या अंधाराची किती वाट बघत असतात.

मेणबत्ती जागेवर ठेवली की एक लांब स्तोत्र गातात. फार जुनं आहे. त्यात चक्क मधमाश्यांचे आभार आहेत, मेण त्यांनी केलं म्हणून. आणि त्यात एक वाक्य आहे ज्यावर मी वर्गात दरवर्षी अर्धा तास घालवते: आदामाचा अपराध धन्य, कारण त्यामुळे असा तारणारा मिळाला. अपराध, आणि धन्य? मोठ्या वयाचे शिकाऊ इथे अडतात आणि अडायलाच हवं. पाप चांगलं असं ते म्हणत नाही. देव मोडलेल्या वस्तूला पूर्ववत करून थांबत नाही, तिच्यातून पूर्वी नव्हतं असं काहीतरी काढतो, असं ते गाणं म्हणतंय. पुढे जखमांबद्दल सांगणार आहे, तेव्हा हे लक्षात ठेव.

मग हातातल्या मेणबत्त्या विझवून बसायचं आणि ऐकायचं. जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातली, सात वाचनं असतात. सृष्टीची उत्पत्ती, अब्राहाम आणि इसहाक, मग समुद्र दुभंगतो ती गोष्ट, मग संदेष्टे. वेळ नसेल तर काही वाचनं गाळायची सवलत आहे, पण समुद्र ओलांडण्याचं वाचन गाळायला सक्त मनाई. वल्हांडण कळलं तर ईस्टर कळेल, असा त्याचा अर्थ. लोक पेंगतात, खोटं कशाला सांगू. सातव्या वाचनानंतर वेदीवरच्या मेणबत्त्या लागतात, गौरवगीत सुरू होतं आणि गुरुवारपासून मुकी असलेली घंटा वाजते. पेंगणारे दचकून उठतात. मग उपवासकाळात चाळीस दिवस तोंडातून न काढलेला 'आलेलुया' तीनदा गातात, दर वेळी सूर थोडा वर. आमच्या गायकवृंदातला एक म्हातारा तिसऱ्या वेळी हमखास फाटतो.

पुढे पाणी. मोठ्या वयाचे लोक याच रात्री स्नानसंस्कार घेतात, हे पहिल्या काही शतकांपासून चालत आलंय. पहिल्या काळातला प्रचारक पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की पाण्यात जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं. पूर्वीचे स्नानकुंड बघ, बरेचसे अष्टकोनी. रोममधल्या लॅटरनचं 5 व्या शतकातलं स्नानगृह तसंच आहे. आठवडा सात दिवसांचा, आणि रविवार हा सृष्टीचा पहिला दिवसही आणि आठवाही, म्हणजे जुना आठवडा संपल्यावर सुरू झालेला. इथे येशूचा पुनरुत्थानाचा दिवस एखाद्या पुण्यतिथीसारखा मागे पडत नाही, तुम्हाला त्याच्यात बुडवून बाहेर काढतात. मी तयार केलेल्यांपैकी एका बाईने, पन्नाशीच्या असतील, डोक्यावरून पाणी ओघळत असताना मला हळूच विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्या म्हणाल्या, "थंड आहे हो." इतकी वर्षं झाली, ते 'थंड आहे हो' माझ्या डोक्यातून जात नाही. संस्कार असाच असतो, अंगाला लागतो.

आता त्या रात्री जे शुभवर्तमान वाचतात त्याकडे ये. लोकांना वाटतं त्यात येशू कबरेतून बाहेर येतानाचं वर्णन असेल, पांढरं वस्त्र, हातात निशाण, चित्रात असतं तसं. नाही. मत्तय, मार्क, लूक, योहान, चारही शुभवर्तमानांत तो क्षण कुठेच नाही. तो कोणी पाहिलाच नाही. पहाटे बाया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे जातात, वाटेत एकमेकींना विचारतात की दारावरची धोंड कोण सरकवणार, आणि जाऊन बघतात तर ती सरकलेली. "तो उठला आहे, तो येथे नाही." बस. मार्काचं शुभवर्तमान सगळ्यांत जुनं मानतात. त्याच्या सगळ्यांत जुन्या प्रती संपतात कशावर माहीत आहे? त्या बाया पळून गेल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. सणाची गोष्ट आणि शेवट भीतीवर! माझा विश्वास या वाक्याने जेवढा पक्का झाला तेवढा कुठल्याही प्रवचनाने झाला नसेल. गोष्ट रचणाऱ्याने शेवट असा केला नसता. आणि साक्षीला बाया तर मुळीच घेतल्या नसत्या. त्या काळच्या यहुदी समाजात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. लूक सरळ लिहितो की शिष्यांना त्यांचं बोलणं वायफळ वाटलं.

हा पुरावा आहे असं मी म्हणत नाही. रिकाम्या कबरेने काहीच सिद्ध होत नाही, प्रेत कोणी नेलं असेल अशी शंका तेव्हाही होती आणि मत्तयाने ती लिहूनही ठेवलीय. कबरेकडे गेलेल्या बायांपैकी मग्दालाच्या मरीयेलाही पहिल्यांदा तेच वाटलं. समोर उभा असलेला येशू तिला माळी वाटला. "बाई, का रडतेस?" असं त्याने विचारलं तरी ओळख पटली नाही. त्याने "मरीये" म्हणून हाक मारली तेव्हा पटली. कॅथलिक चर्चने तिच्या स्मरणदिनाला, 22 जुलैला, 2016 मध्ये प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. तिलाच तर पहिला निरोप मिळाला होता. उशीर जरा झाला, पण झालं.

तुझ्या पुनर्जन्माच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. आपण मराठीत दोन्हीकडे 'पुनर्' लावतो म्हणून घोटाळा होतो. पुनर्जन्मात आत्मा तोच, देह नवा, आई नवी, नाव नवं, मागची ओळख पुसलेली, आणि परत एक मरण पुढे उभं. मोक्ष म्हणजे या फेऱ्यातून सुटणं. पुनरुत्थानात माणूस तोच, नाव तेच, देहही तोच, पण बदललेला, आणि परत मरण नाही. येशूने बेथानीच्या लाजराला, आपल्या मेलेल्या मित्राला, उठवलं होतं. तो लाजर पुढे म्हातारा होऊन परत मेलाच असणार. येशूचं तसं नाही. तो मागे, जुन्या आयुष्यात आला नाही. तो पलीकडे गेला आणि तिथून भेटायला आला. पुन्हा तेच, ओलांडणं. भूत म्हणावं तर तो शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. साधा देह म्हणावं तर बंद दारातून आत येतो. पौलाने करिंथकरांना समजावताना शेतातला दाखला दिला: पेरतो ते नुसतं बी, उगवतं ते रोप. भातात आणि रोपात काही साम्य दिसतं का? पण एकाचंच दुसरं झालंय हे आवणी करणाऱ्याला विचारायची गरज नसते.

आणि त्या बदललेल्या देहावर जखमा तशाच होत्या. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि चॉकलेटच्या अंड्यात ते कुठेच नाही. देवाला मरणावर मात करता येते तर पाच भोकं बुजवता आली नसती? थोमा नावाच्या शिष्याला त्याने तीच दाखवली: बोट इकडे आण. म्हणजे शुक्रवारी जे झालं ते पुसलं गेलं नाही. मुलगा गमावलेली आई माझ्या वर्गात बसलेली असते, तिला मी सांगू शकत नाही की सगळं पूर्वीसारखं होईल. ईस्टर तसं म्हणतच नाही. जखम राहते, पण ती आता मरणाची खूण नसते, ओळखीची असते.

योहानाच्या शेवटच्या अध्यायात याहून जवळची गोष्ट आहे, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांना ती समजावून सांगावी लागत नाही. पेत्र आणि बाकीचे शिष्य परत मासेमारीला गेलेत. रात्रभर जाळं टाकून काही नाही. पहाटे किनाऱ्यावरून कोणीतरी ओरडतो, उजव्या बाजूला टाका. जाळ्यात 153 मासे येतात. कोणीतरी बसून मोजले असणार, कोळी मोजणारच! किनाऱ्यावर येऊन बघतात तर कोळशाचा विस्तव पेटलेला, वर मासळी, बाजूला भाकर. आणि मरणावर जय मिळवलेला माणूस त्यांना काय म्हणतो? "या, न्याहारी करा." सगळ्या बायबलमध्ये मला हेच वाक्य सगळ्यांत जास्त आवडतं.

त्यातला कोळशाचा विस्तव उगाच नाही. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नव्या करारात दोनदाच येतो. एकदा इथे, आणि एकदा येशूला पकडलं त्या गुरुवारच्या रात्री महायाजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभ्या असलेल्या पेत्राने तीनदा सांगितलं होतं, मी त्याला ओळखत नाही. आता तशाच विस्तवापाशी येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? हिशेब मागत नाही, उणंदुणं काढत नाही. आधी जेवू घालतो, मग विचारतो. पापांची क्षमा म्हणजे काय असं मुलांनी विचारलं की मी हा अध्याय उघडते.

हे एका माणसापुरतं नाही, हे पूर्वेकडच्या चर्चने चित्रात आमच्यापेक्षा बरं दाखवलंय. पश्चिमेच्या चित्रांत येशू एकटाच कबरेतून उठतो. पूर्वेच्या चित्रांत तो अधोलोकात उतरलेला असतो. इस्तंबूलच्या जुन्या खोरा चर्चमध्ये 14 व्या शतकातलं भित्तिचित्र आहे. मी ते फोटोतच पाहिलंय. पायाखाली मोडून पडलेले दरवाजे, इकडेतिकडे विखुरलेली कुलपं आणि किल्ल्या, आणि येशू एका हाताने आदामाला, दुसऱ्या हाताने हव्वेला थडग्यांतून खेचून काढतोय. मनगटाला धरून. हात हातात घेतला तर दुसऱ्यानेही धरावं लागतं. मनगट धरलं की ओढणाऱ्याचीच ताकद, मेलेल्याकडून काही अपेक्षा नाही. त्यांच्यामागे सगळी माणसं उभी असतात. ईस्टरच्या आदल्या त्या रिकाम्या शनिवारी काय घडलं याचं आमच्या श्रद्धेचं उत्तर तेच आहे.

मग गाजावाजा का नाही? नाताळ समजायला सोपा. बाळ, आई, गोठा, चांदणी, कोणालाही भावतं. आणि भावावंच. ईस्टरला बाळासारखं दाखवण्याजोगं काही नाही, रिकामी कबर आहे. पण चर्चच्या हिशेबात मोठा सण हाच, आणि तो एक दिवसाचा नसून पन्नास दिवसांचा आहे, पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत. शिवाय आमचा प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच. नाताळ साजरा व्हायला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती लोक रविवारी जमतायत, ते यासाठीच. पौलाने तर लिहून ठेवलंय की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ. नाताळाबद्दल असं वाक्य कोणी लिहिलेलं नाही.

तुझी मैत्रीण अहिल्यानगरकडची म्हणालीस, म्हणजे बहुधा प्रोटेस्टंट असेल. त्यांच्याकडे ही मेणबत्तीची रात्र बहुतेक ठिकाणी नसते. शुक्रवारी दुपारी क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन असतं, आणि रविवारी पहाटे सूर्योदयाची उपासना. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी 1732 मध्ये मोरावियन पंथाच्या तरुणांनी कबरस्तानात गात ईस्टरची पहाट काढली, तिथून ती प्रथा जगभर गेली. कबरींमध्ये उभं राहून सूर्य उगवताना बघायचा, हेही फार नेमकं सुचलेलं आहे. ऑर्थोडॉक्स लोकांचा ईस्टर जुन्या पंचांगामुळे बहुतेक वेळा वेगळ्या तारखेला येतो. 2025 मध्ये मात्र सगळ्यांचा एकाच दिवशी आला, 20 एप्रिलला.

त्या पास्काच्या मेणबत्तीचं पुढे काय होतं, ते राहिलं. ती पन्नास दिवस वेदीजवळ उभी असते, मग स्नानकुंडापाशी नेऊन ठेवतात. वर्षभरात दोन वेळा ती हमखास पेटते: कोणाचा स्नानसंस्कार असला की, आणि कोणाची अंत्ययात्रा चर्चमध्ये आली की. शवपेटीच्या शेजारी ती उभी करतात. पोप फ्रान्सिस 2025 मध्ये ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी गेले, त्यांच्या पेटीशेजारीही पास्काची मेणबत्ती होती. माझे यजमान गेले ते फेब्रुवारीत. तोवर आमच्या चर्चमधली ती मेणबत्ती जळून जळून निम्मी झाली होती, वर्षाच्या चार आकड्यांपैकी वरचे दोन गेले होते, खालचे दोन तेवढे दिसत होते. पूर्ण मिस्साभर मी त्या दोन आकड्यांकडे बघत बसले होते.

तू येणार असशील तर शनिवारी रात्री ये, नवऱ्यालाही आण. ख्रिस्ती नसलेल्यांना बंदी नाही, फक्त मिस्सात वाटतात ती पवित्र भाकर घ्यायला रांगेत जाऊ नका, जागेवर बसून राहा. मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसा म्हणजे कधी उठायचं कधी बसायचं ते कळेल. अडीच-तीन तास लागतात, जेवून या. रेशमी काही नेसू नकोस, दुसऱ्याच्या मेणबत्तीचं मेण आपल्याच पदरावर सांडतं असा माझा अनुभव आहे. सांडलंच तर ओलं असताना पुसू नकोस. घट्ट होऊ दे, खरवडून काढ, आणि उरलेल्या डागावर टीपकागद ठेवून वरून गरम इस्त्री फिरव.